रोल घरी धुताना: फिरत्या टाकीचा प्रोसेसर हाताशी असेल तर

हाताने टाकी हलवून कॅमेऱ्याचा फिल्म रोल धुणाऱ्याला एक गोष्ट कायम सतावते. एकाच कॅमेऱ्यात, सारख्याच प्रकाशात काढलेले दोन रोल, डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, तोच, वेळ तोच, तरी एक निगेटिव्ह दाट आणि दुसरी फिकी. नेमकं काय बदललं ते सापडत नाही, कारण बदलण्यासारखं पुष्कळ असतं. पाणी अर्ध्या अंशाने निवलं असेल, मधेच फोन वाजला असेल, आज टाकी जरा जोरात हलवली असेल. प्रोसेसर, म्हणजे टाकी फिरवून रोल धुणारं यंत्र, यातल्या दोन गोष्टी, तापमान आणि हालचाल, स्वतःकडे घेतो. काही यंत्रं वेळही सांभाळतात. बाकी सगळं तुमच्याकडेच राहतं. आणि यंत्राला दिलेली चूक ते प्रत्येक रोलवर अगदी तशीच करून देतं. म्हणून या लेखात यंत्राच्या बटणांपेक्षा त्याच्याभोवतीच्या तयारीवर जास्त भर आहे.

यंत्राचे प्रकार

घरगुती प्रोसेसर ढोबळमानाने तीन तऱ्हेचे. पहिला पाण्याच्या टबाचा. जर्मनीतल्या जोबो कंपनीचे सीपीई आणि सीपीपी हे त्यातले सगळ्यांत परिचित. टबात हीटर असतो, रसायनांच्या बाटल्या त्याच गरम पाण्यात उभ्या असतात आणि टाकी आडवी पडून मोटरवर फिरते. लिफ्ट जोडलेली असेल तर दांडा उचलला की टाकीतलं रसायन बाहेर पडतं आणि पुढचं ओतता येतं. ओतायचं काम तुमचं. दुसरा प्रकार पूर्ण स्वयंचलित, म्हणजे जोबोचे एटीएल किंवा फिल्मोमॅट. बाटल्या भरायच्या, प्रोग्रॅम निवडायचा. रसायन टाकीत आणणं आणि वेळ संपल्यावर काढून घेणं यंत्र करतं. तिसरा आगोसारखा छोटा, बॅटरीवर चालणारा. तो नेहमीच्या टाकीला जोडायचा. तो फिल्म गुंडाळलेलं आतलं रीळ फिरवतो, रसायनाचं तापमान मोजत राहतो आणि ते निवत गेलं तर त्या हिशेबाने वेळ वाढवतो.

पहिलंच यंत्र घेणार असाल तर मी टबाचा प्रकार सुचवेन. पूर्ण स्वयंचलित यंत्रात काय बिघडलं हे कळायला आधी काय घडायला हवं ते डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं, आणि टबावर ते दिसतं. पुढची सगळी माहिती त्याच प्रकाराला धरून आहे, पण तत्त्वं तिन्हींना लागू होतात.

आधी नुसत्या पाण्याची तालीम

यंत्र आल्याच्या दिवशी खरा रोल लावायचा मोह टाळा. एक अख्खी फेरी नुसत्या पाण्यावर काढा आणि तीन गोष्टी तपासा.

पहिली, यंत्र समतल आहे का. आडव्या फिरणाऱ्या टाकीत रसायन थोडंच असतं. ते तळाशी साचून राहतं आणि फिल्म त्यातून फिरत जाते. टाकी एका बाजूला किंचित कलली तरी त्या बाजूला रसायन जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी. मी हे धडपडून शिकलो. पहिले काही रोल मी पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेल्या ओट्यावर धुतले. प्रत्येक निगेटिव्हच्या एकाच कडेला फिका पट्टा होता, आणि मी आधी कॅमेऱ्याच्या शटरवर, मग लेन्सवर संशय घेत बसलो. स्पिरिट लेव्हल टबाच्या कडेवर न ठेवता फिरत्या टाकीवर ठेवा. पाणी भरल्यावर टब जड होतो आणि खालचं टेबल वाकतं, म्हणून टब भरल्यानंतर पुन्हा एकदा बघा.

दुसरी, गळती. टाकीत मोजून पाणी घाला, दहा मिनिटं फिरवा, काढून पुन्हा मोजा. आत ओलावा राहतो त्यामुळे थोडी घट येणारच. पण फरक मोठा असेल तर झाकणाची रबरी चकती नीट बसलेली नाही.

तिसरी, तापमान. रंगीत रोलसाठी टबातलं पाणी ३८ अंश झालं म्हणून बाटलीतलं रसायनही ३८ झालं असं नाही. प्लास्टिकच्या बाटलीतून उष्णता हळूहळू आत जाते, आणि बाटली मोठी असेल तर तासभरही लागतो. म्हणून थर्मामीटर बाटलीत घाला, टबाच्या आकड्यावर विसंबू नका. मग ओतल्यानंतर काय होतं तेही मोजा. बाटलीत बरोबर ३७.८ अंशांचं पाणी घ्या, टाकीत ओता, सव्वातीन मिनिटं फिरवा, बाहेर काढून लगेच मोजा. समजा ३७.२ आलं, तर त्या वेळातलं सरासरी तापमान साधारण ३७.५ होतं. मग पुढच्या वेळी ३८.१ ने सुरुवात करायची. हा आकडा तुमच्या यंत्राचा, तुमच्या खोलीचा आणि त्या ऋतूचा असतो, दुसऱ्याकडून उसना घेता येत नाही.

थर्मामीटर मात्र एकच ठेवा. दोन असले तर एकाला प्रमाण माना आणि दुसऱ्यावर त्याचा फरक लिहून चिकटवा. तुमचा थर्मामीटर ०.२ अंशाने खोटा असला आणि तरी रोज तोच वापरलात, तर निगेटिव्ह पाहून वेळ थोडा बदलून जमवून घेता येतं. रोज वेगळा वापरलात तर जमवायला काही उरत नाही.

टाकीत किती रसायन

बहुतेकांचा इथेच घोळ होतो. फिरत्या टाकीला रसायन फार कमी लागतं आणि ते तिचं मोठं आकर्षण आहे. जोबोच्या १५२० टाकीत ३५ मिलिमीटरचे दोन रोल बसतात. हाताने उलटीसुलटी करायची तर तिला ४८५ मिलिलिटर लागतं, आडवी फिरवायची तर २४० पुरतं. पण हे २४० फिल्म भिजण्यासाठी पुरतं. फिल्म डेव्हलप होण्यासाठी पुरतं की नाही, हा प्रश्न वेगळा.

डेव्हलपरमधलं कामाचं द्रव्य प्रत्येक रोल खातो. कोडॅकचा एक्सटॉल घेतला तर छत्तीस फोटोंच्या एका रोलला निदान १०० मिलिलिटर मूळ, म्हणजे पाणी घालून पातळ न केलेलं, द्रावण हवं. २४० मिलिलिटर मूळ द्रावणात दोन रोल सुखाने होतात. तेच एकास एक पाणी घालून वापरलं तर २४० मध्ये मूळ द्रावण १२० उरतं, म्हणजे एकच रोल. रॉडिनल हा डेव्हलपर १+५० प्रमाणात, म्हणजे एक भाग अर्काला पन्नास भाग पाणी, घेतला तर २४० मिलिलिटरमध्ये अर्क जेमतेम ४.७ मिलिलिटर. तो दोन रोलांत वाटला तर प्रत्येकाला अडीचसुद्धा येत नाही. अशा रोलचे उजळ भाग दबतात आणि माणूस फोटो काढताना प्रकाश कमी दिला असं समजतो. टाकीला किती लागतं ते टाकीवर छापलेलं असतं. रोलला किती लागतं ते डेव्हलपरच्या माहितीपत्रकात. दोन्हींपैकी जो आकडा मोठा, तो घ्यायचा. गरज पडली तर मोठी टाकी लावा किंवा एकच रोल धुवा. १२० चा, म्हणजे मोठ्या रुंद फिल्मचा, एक रोल आणि ३५ मिलिमीटरचा छत्तीस फोटोंचा एक रोल क्षेत्रफळात जवळजवळ सारखे असतात, त्यामुळे दोन्हींना हिशेब तोच.

आणखी एक. आडव्या टाकीत रसायनाला सतत हवा लागते. पायरो वर्गातले काही डेव्हलपर त्यामुळे मधेच दमतात. आणि फार पातळ द्रावणात तासभर टाकी न हलवता ठेवण्याची जी पद्धत आहे, तिचा तर सारा परिणाम स्थिर राहण्यावरच अवलंबून आहे. तसे रोल हातानेच धुवा.

रीळ भरणं

प्लास्टिकचं रीळ पूर्ण कोरडं हवं. एखादा थेंब खाचेत राहिला असेल तर फिल्म तिथेच चिकटते, पुढे सरकत नाही, आणि अंधारात जोर लावला की दुमडते. तो दुमडा निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखा काळा डाग होऊन उमटतो. चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे हात घालून अंधारात फिल्म भरायच्या पिशवीत, हाताला घाम येतो. पाचएक मिनिटांत जमलं नाही तर फिल्म टाकीत ठेवून झाकण लावा, हात बाहेर काढून पुसा, मग पुन्हा सुरू करा.

फिल्मचं टोक बाहेर काढता आलं तर उजेडातच ते सरळ कापा, कात्री दोन भोकांच्या मधून जाईल अशी. कोपरे किंचित गोल करा. टोकदार कोपरा खाचेत अडतो. पहिल्यांदाच करत असाल तर एक जुना, वाया गेलेला रोल उघड्या डोळ्यांनी दहा वेळा, मग डोळे मिटून दहा वेळा भरा. यंत्राच्या किमतीत ही सवय येत नाही.

कृष्णधवल रोल

टाकी सतत फिरत असल्यामुळे डेव्हलपरचं काम हाताच्या हालचालीपेक्षा वेगाने होतं. त्यावर दोन वाटा आहेत. फिल्म बनवणारी इल्फर्ड कंपनी पूर्वभिजवण, म्हणजे डेव्हलपरच्या आधी फिल्म पाण्यात भिजवणं, करू नका म्हणते, आणि सतत हालचालीसाठी वेळ १५ टक्क्यांपर्यंत कमी करायला सांगते. जोबोची शिफारस अशी की आधी पाच मिनिटं साध्या पाण्यात फिल्म फिरवा आणि मग हाताने हलवण्याचा जो वेळ दिलेला असेल तोच ठेवा. दोन्ही चालतात. पण दोन्ही एकदम केलं, म्हणजे भिजवलंही आणि वेळही कापला, तर निगेटिव्ह फिकी येईल. एक वाट धरा आणि ती सोडू नका. मी भिजवतो, कारण त्याने टाकी आणि फिल्म दोन्ही ठरलेल्या तापमानाला येतात.

उदाहरण घेऊ. एचपी५ प्लस फिल्म, आयडी-११ डेव्हलपर १+१, २० अंश, हाताने १३ मिनिटं. न भिजवता फिरवायचं तर १५ टक्के कमी, म्हणजे सुमारे ११ मिनिटं. टाकीत २४० मिलिलिटर आणि रोल एकच.

क्रम असा. टब २० अंशांवर आणा. खोली त्याहून गरम असेल तर हीटरचा उपयोग नाही; टबात बर्फाच्या पिशव्या सोडाव्या लागतात, किंवा २४ अंशांवर धुवून माहितीपत्रकातल्या तक्त्याप्रमाणे वेळ कमी करावा लागतो. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. तापमान खाली खेचून धरण्यापेक्षा जिथे ते आपसूक स्थिर राहतं तिथे काम करावं. भिजवणार असाल तर पाच मिनिटं पाणी. मग मोटर चालू ठेवूनच डेव्हलपर एका दमात ओता आणि ओतायला सुरुवात केली तेव्हापासून वेळ मोजा. संपायच्या दहा सेकंद आधी लिफ्ट उचला. स्टॉप बाथ, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण, ३० सेकंद ते एक मिनिट. मग फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन.

फिक्सरला किती वेळ द्यायचा हे दर काही रोलांनी स्वतः तपासा. कापून टाकलेल्या टोकावर फिक्सरचा एक थेंब ठेवा, अर्ध्या मिनिटाने ते अख्खं टोक फिक्सरमध्ये बुडवा आणि घड्याळ लावा. थेंबाची जागा आधी पारदर्शक झालेली असते. बाकीचा भाग तिच्यासारखा होऊन तो गोल दिसेनासा झाला की वेळ बघा. त्याच्या दुप्पट फिक्स करा. टी-मॅक्स किंवा डेल्टासारख्या फिल्मला तिप्पट. ताज्या फिक्सरला लागला होता त्याच्या दुप्पट वेळ हे टोक साफ व्हायला लागला की तो फिक्सर टाकायचा.

फिक्सरनंतर साध्या पाण्याने धुताना नळाखाली तासभर पाणी सोडायची गरज नाही. त्याच तापमानाचं पाणी भरून पाच वेळा उलटीसुलटी, बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा, ही इल्फर्डची पद्धत उत्तम चालते. एवढ्यापुरती टाकी यंत्रावरून काढून उभी भरा.

शेवटचं वेटिंग एजंट, म्हणजे फिल्मवरून पाणी डाग न पाडता निथळावं म्हणूनचं फोटो-फ्लो वगैरे, यंत्रात आणि रिळावर कधीच नको. त्याचा थर खाचांत बसतो आणि पुढच्या वेळी फिल्म अडखळते. फिल्म रिळावरून काढून वेगळ्या भांड्यात बुडवा. फोटो-फ्लो १ ला २०० पाणी. जास्त झालं तर ओघळांचे डाग पडतात.

रंगीत रोल: सी-४१

यंत्राची खरी कमाई इथे आहे. सी-४१ ही रंगीत निगेटिव्ह धुण्याची प्रक्रिया कोडॅकने १९७२ मध्ये आणली. तिच्या डेव्हलपरचं तापमान ३७.८ अंश, वेळ ३ मिनिटं १५ सेकंद, आणि तापमानात चालणारा फरक फक्त ०.१५ अंश. इतका काटेकोरपणा कशासाठी, तर फिल्ममध्ये रंगाचे तीन थर एकमेकांवर असतात आणि डेव्हलपर वरून आत झिरपतो. तापमान घसरलं की तिन्ही थर सारख्या प्रमाणात मागे पडत नाहीत. मग सावलीत एक रंग चढतो आणि उजेडात त्याच्या उलटा. असा दोष स्कॅन केल्यावरही पूर्ण निघत नाही, कारण एक टोक सुधारलं की दुसरं बिघडतं.

सुटं ब्लीच (फिल्ममधली चांदी फिक्सरने निघेल अशी करणारं) आणि सुटा फिक्सर असलेल्या रसायनांचा क्रम माझ्याकडे असा चालतो:

१. कोरडी टाकी फिल्मसकट टबात ५ मिनिटं फिरवत ठेवा, ती आतून गरम होईपर्यंत.
२. डेव्हलपर ३:१५. यात निथळण्याचे दहा सेकंद धरलेले आहेत, म्हणून ३:०५ ला लिफ्ट उचला.
३. सौम्य ॲसेटिक ॲसिडचा स्टॉप ३० सेकंद, मग पाण्याची एक फेरी.
४. ब्लीच ६:३०.
५. पाणी ३:१५, मधे दोनतीनदा बदलून.
६. फिक्सर ६:३०.
७. पाणी ३:१५, पुन्हा बदलत.
८. शेवटचं स्टॅबिलायझर किंवा फायनल रिन्स १:३०, रिळावरून काढून, वेगळ्या भांड्यात.

डेव्हलपरनंतर तापमानाची एवढी धास्ती नाही. ब्लीच आणि फिक्सर २४ ते ४० अंशांत कुठेही चालतात. ब्लीच जरा जास्त वेळ राहिलं तरी नुकसान होत नाही, कमी राहिलं तर मात्र होतं: चांदी फिल्ममध्येच उरते आणि रंग मळकट दिसतात. अशी फिल्म वर्षभराने सापडली तरी पुन्हा ब्लीच आणि फिक्स करून सुधारता येते.

ब्लीच आणि फिक्सर एकत्र केलेलं ब्लिक्स घरगुती संचांत बरेचदा येतं. सोपं पडतं, पण टिकत कमी. त्याचा वेळ आणि दर रोलमागे वाढवायचे सेकंद संचाच्या कागदावर असतील तेच पाळा. डेव्हलपरच्या उरलेल्या अंशाशी ब्लिक्सची गाठ पडली की वायू सुटतो, म्हणून टाकी हातात धरून हलवणार असाल तर झाकण मधेमधे सैल करा.

सगळ्यांत मोठा धोका उलट्या दिशेने आहे. ब्लिक्सचे किंवा फिक्सरचे काही थेंब डेव्हलपरच्या बाटलीत गेले की ती अख्खी बाटली गेली. प्रत्येक रसायनाला स्वतःचं मोजपात्र, स्वतःचं नरसाळं, स्वतःच्या रंगाची पट्टी. हात धुतल्याशिवाय डेव्हलपरच्या झाकणाला हात लावायचा नाही. हातमोजे कायम घाला, कारण रंगीत डेव्हलपरमधल्या द्रव्याची कातडीला ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा जात नाही. खोलीत वारा खेळता हवा.

सिनेमाची रंगीत फिल्म छोट्या डब्यांत भरून विकली जाते. तिच्या पाठीवर काजळीचा थर असेल तर ती या प्रोसेसरमध्ये घालू नका. तो थर सुटून रसायनात, नळ्यांत आणि पुढच्या रोलांवर बसतो.

स्लाइडच्या ई-६ प्रक्रियेबद्दल एवढंच सांगतो की तिच्यात पहिला डेव्हलपर ३८ अंशांवर ६ मिनिटं असतो आणि चित्राचा उजेड-अंधार तोच ठरवतो. सी-४१ चे दहाएक रोल एकसारखे आले की मग तिकडे वळा.

निगेटिव्ह वाचणं

फिल्म वाळायच्या आत कडेची अक्षरं बघा. फिल्मचं नाव आणि फोटोंचे आकडे कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. म्हणून अक्षरं ठळक आणि फोटो फिके असतील तर फोटो काढताना प्रकाश कमी पडला. अक्षरंही फिकी असतील तर डेव्हलपर कमी पडला, वेळात, तापमानात किंवा ताकदीत. अक्षरं व्यवस्थित आणि फोटो एकही नाही, तर कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकलीच नव्हती. अक्षरंसुद्धा नाहीत आणि फिल्म कोरी पारदर्शक, तर डेव्हलपरच्या आधी फिक्सर गेला किंवा डेव्हलपर मेलेला होता.

फिल्म दुधाळ दिसली तर घाबरू नका, पुन्हा ताज्या फिक्सरमध्ये घाला. टी-मॅक्सवर उरणारी गुलाबी छटाही बहुधा फिक्सर किंवा धुणं अपुरं असल्याची खूण असते. भोकांच्या रेषेत चित्रावर उतरणारे पट्टे हालचालीमुळे येतात: टाकी एकाच दिशेने फिरते आहे का, दर काही सेकंदांनी दिशा बदलते आहे का ते बघा. आणि एकच कड फिकी असेल तर पुन्हा स्पिरिट लेव्हल काढा.

काम संपल्यावर

टाकी, रीळ, लिफ्टची नळी आणि मोजपात्रं कोमट पाण्याने धुवा. वेटिंग एजंट चुकून लागला असेल तर मऊ ब्रशने खाचा घासा. पूर्ण स्वयंचलित यंत्रात धुण्याचा प्रोग्रॅम शेवटी न चुकता चालवा आणि नळ्या रिकाम्या करा, कारण नळीत साचलेलं पाणी पुढच्या डेव्हलपरला पातळ करतं. टबातलं पाणी काढून टाका, नाहीतर हीटरवर क्षार बसतात.

डेव्हलपरच्या बाटलीत हवा राहू देऊ नका. रसायन कमी झालं की लहान बाटलीत भरा, काठोकाठ. लेबलवर बनवल्याची तारीख आणि धुतलेल्या रोलांच्या उभ्या रेघा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो झाडांना किंवा उघड्या गटारात ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

वहीत दर रोलची एक ओळ पुरते: फिल्म, रसायन आणि कितवा वापर, बाटलीतलं तापमान, बाहेर काढल्यावरचं तापमान, वेळ, कडेची अक्षरं कशी दिसली. पुढच्या रोलला एकच गोष्ट बदला. फिल्म वाळली की सहासहा फोटोंच्या पट्ट्या कापा, पाकिटात घाला आणि वहीतल्या त्या ओळीचा क्रमांक पाकिटावर लिहा.